खिशातले दोन तालुके

आमच्या भागात लग्नाला जाऊन नुसतं जेवून आलं तर ती हजेरी कुणी धरत नाही. माइकवरून नाव पुकारलं गेलं पाहिजे. तुम्ही गाडीतून उतरलात, मांडवाच्या कमानीखाली आलात, की तुमचं नाव, गाव आणि पद सगळ्या गर्दीला ऐकू गेलं पाहिजे. मग दोन्ही हात जोडायचे, आपल्याला हे असलं काही फारसं आवडत नाही असा चेहरा करायचा आणि आत यायचं. नाव नाही घेतलं तर लोक कमानीबाहेरच रेंगाळतात. कुणाची तरी वाट बघतोय असं दाखवतात, उगाच ड्रायव्हरला हाका मारतात. तरीही नाही घेतलं तर न जेवता माघारी जातात, आणि तो राग पुढच्या सोसायटीच्या निवडणुकीत बाहेर पडतो.

ही नावं पुकारणारा माणूस शिरूरला आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवत होते. शिक्षक म्हणून सर बरे होते, त्याहून जास्त माझ्याच्यानं म्हणवत नाही. तासाला आले की फळ्यावर एक मडकं काढायचे, "ह्याला सावली द्या" म्हणायचे आणि खिडकीपाशी जाऊन बसायचे. वर्षानुवर्षं तेच मडकं आणि तीच सावली. पण हाच माणूस लग्नाच्या कमानीशी माइक घेऊन उभा राहिला की त्याच्याकडे बघत राहावं. शिरूरपासून दौंडपर्यंत त्यांच्या तोडीचा निवेदक नव्हता. लोक तारीख काढायची तर आधी सरांकडे यायचे आणि मग भटजींकडे जायचे. भटजींनाही त्याचं काही वाटत नसे.

सरांना दोन भाषा येत. एक माइकवरची आणि एक माइकखालची. "आपल्या सर्वांचे मार्गदर्शक, सहकारमहर्षी, यांचे या मंगल मंडपात शुभागमन होत आहे," एवढं अस्खलित म्हणून झालं की माइकवर हात ठेवून त्याच दमात ओरडायचे, "आरं ती जीप मागं घे की! नवरदेव काय हवेतनं यील व्हय?" आणि हात काढला की पुन्हा शुभागमन सुरू.

त्यांचे काही नेम होते. स्टेजवर कधी उभे राहायचे नाहीत. "आलेला मानूस कमानीत दिसतो, स्टेजवरनं निसती टकुरी दिसत्यात," असं म्हणायचे. चित्रकलेच्या वर्गातलं एक लोखंडी स्टूल स्कूटरला बांधून न्यायचे आणि कमानीबाहेर भर उन्हात त्यावर चढून उभे राहायचे. शेवटचं नाव होईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत. कुणी चिठ्ठी पुढं केली तर ती नम्रपणे खिशात घालायचे आणि त्या माणसाचं नाव सगळ्यांच्या शेवटी घ्यायचे. यावरून भांडणं व्हायची. पण पुढच्या लग्नाला तोच माणूस चिठ्ठी न देता गुपचूप रांगेत दिसायचा.

आणि त्यांच्याकडे डबी होती. डबी हे आम्ही शिक्षकांनी ठेवलेलं नाव. तळहाताएवढं यंत्र, करड्या पडद्याचं, वर टोचायला एक बारीक काडी. सरांचा एक माजी विद्यार्थी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागून पुढं अमेरिकेला गेला, त्यानं आणून दिलेलं. मोबाइल तेव्हा नुकते कुठे येत होते, आणि ज्यांच्याकडे होते ते त्यावर बोलण्यापेक्षा तो टेबलावर ठेवण्यातच समाधानी होते. अशा काळात सर खिशातून डबी काढायचे, काडीनं टोचायचे आणि न्हावऱ्याच्या किंवा केडगावच्या सगळ्या मानकऱ्यांची नावं पडद्यावर ओळीनं उभी राहायची. यंत्राला मराठी येत नव्हती, म्हणून सगळी इंग्रजी अक्षरांत. कागद का नको, असं मी एकदा विचारलं. "कागद आसला की मागनं माना वाकवून आपला नंबर कितवा ते बगत्यात. डबीत कुनाला घंटा दिसत न्हाई."

प्रत्येक नावापुढं सरांनी एक खूण केलेली असायची. आजी, माजी किंवा भावी. आजी म्हणजे सध्या पदावर असलेला, माजी म्हणजे उतरलेला. भावी म्हणजे ज्याला काल पद नव्हतं, आज नाही, पण ज्याचा बोर्ड चौकात लागलेला आहे. निवडणुकीचा निकाल लागला की सर तहसील कचेरीच्या पायरीवर बसून काडीनं आजींना माजी करायचे. ते करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मडकं काढताना मी कधी पाहिलं नाही.

आता एक सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या सगळ्या नावांत एकही बाई नव्हती. सरपंचबाई असली तरी तिच्या नवऱ्याचं नाव व्हायचं. माझंच घ्या. मी नोकरी करते, पगार आणते, निम्म्या तालुक्याची पोरं माझ्या हाताखालून गेलीत. पण लग्नात माझं नाव "सपत्नीक" असं होतं. आमच्या मिस्टरांचं नाव घ्यायचं, पद घ्यायचं आणि मग म्हणायचं, "हे सपत्नीक आलेले आहेत." ते शेपूट म्हणजे मी. मला याचा राग यायचा आणि मी तो सरांना बोलूनही दाखवला होता. ते म्हणाले, "मॅडम, रीत हाय." रीत म्हटली की आमच्याकडे बोलणं संपतं.

मग सरांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी रांजणगावच्या एका कारखान्यात इंजिनिअर होती, गुणवत्ता तपासणीला. दिवसभर माल नाकारायची सवय, त्यामुळे बोलायला तिखट. मुलगा दौंडजवळच्या गावचा, शिकलेला आणि शांत. त्याचे आजोबा मात्र जुने पुढारी, सगळा भाग त्यांना आबा म्हणून ओळखायचा. पत्रिकेचा मजकूर तपासायला मला घरी बोलावलं होतं. वहिनी, म्हणजे सरांच्या बायको, पोहे करत होत्या आणि सर दोन्ही तालुक्यांतून कोण कोण येणार ते डबीत बघत होते. मुलगी म्हणाली, "आप्पा, तुम्ही सगळ्या जगाची नावं घेता. आईचं कवा घेतलं?"

सरांची काडी थांबली.

"माझ्या लग्नात बायांची नावं झाली पाहिजेत. नवऱ्याच्या नावानं न्हाई, त्यांच्या सोताच्या. न्हाईतर मग तुमी कमानीत उभंच राहू नका. दुसरा कुणी तरी आणा."

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "कशाला गं वाद घालती? लोकं हसत्यात." पण त्या पोहे घेऊन लगेच बाहेर आल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

सर डबी माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "जागा न्हाई. डबी भरली."

मला वाटलं, काय पण सबब! मी डबी हातात घेऊन पाहिली तर सर खरंच सांगत होते. नवीन नाव घालायला गेलं की यंत्र आता जागा नाही असं सांगत होतं. दोन तालुक्यांतल्या पुरुषांनी ते काठोकाठ भरलेलं होतं.

नेमका त्याच सुमारास तो अमेरिकेचा विद्यार्थी सुट्टीवर आला. येताना सरांसाठी नवी डबी घेऊन आला. रंगीत पडदा, कितीतरी पट जागा, माणसाचा फोटोसुद्धा मावायचा. त्यानं स्टाफरूममध्ये ती चालू केली आणि निळा, हिरवा, गुलाबी उजेड पडला तसे आम्ही सगळे खुर्च्या ओढून जवळ गेलो. "सर, ही घ्या आणि जुनी मला द्या," तो म्हणाला. "मला ती आठवण म्हणून ठेवायचीय." त्याचं परतीचं विमान लग्नानंतर लगेच होतं, तेव्हा सरांनी काय ते लग्नाआधी ठरवायचं होतं.

आम्हाला वाटलं प्रश्नच मिटला. बायका रंगीत डबीत मावतील, मुलगी खूश, विद्यार्थी खूश. पण सर कुठलीही गोष्ट परीक्षा घेतल्याशिवाय पास करत नसत, मडकं सोडून. ते दोन्ही खिशांत दोन डब्या घालून लग्नांना जाऊ लागले. संध्याकाळच्या एका लग्नात वीज गेली. जुन्या डबीत काही दिसेना, नवी आपल्याच उजेडात झळकत होती. सर दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन तिची स्तुती करत बसले. पण मग भारनियमन सुरू झालं. जुनीला दोन पेन्सिल सेल घातले की महिना निघायचा. नवीला रोज चारायला लागायचं. शाळेत वीज नाही, घरी नाही. सर चार्जर घेऊन एसटी स्टँडासमोरच्या इन्व्हर्टरवाल्या मोबाइलच्या दुकानात जाऊन बसायचे आणि तिथल्या पोराकडून रोज त्याच त्या चौकशा ऐकायचे.

एवढं त्यांनी सोसलं असतं. पण एक दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी मला मैदानावर हाक मारली. भर उन्हात स्टुलावर उभे होते, नवी डबी नाकापर्यंत आणून.

"मॅडम, तुमी विज्ञानाच्या. हिच्यात मला माझीच टोपी दिसतीया. गाव कुठं गेलं?"

मी पाहिलं. पडद्यावर आमची दोघांची तोंडं आणि मागचं आभाळ दिसत होतं, बाकी काळंभोर. मी समजावलं, की नवीच्या पडद्यामागं बारीक दिवा आहे, सूर्यापुढं त्याचं काही चालत नाही. जुनीला दिवाच नाही, ती बाहेरच्या उजेडावर दिसते.

"म्हंजी ऊन जितकं कडक, तितकी म्हातारी झ्याक?"

"हो."

सरांनी दुसऱ्या खिशातली जुनी काढून उन्हात धरली. एक-एक अक्षर खणखणीत दिसत होतं. मग ते खाली उतरले आणि स्टुलावरच बसले. लग्न वैशाखातलं होतं आणि मुहूर्त भर दुपारचा. जुनीत बायका मावत नव्हत्या आणि नवीत उन्हामुळं कुणीच दिसत नव्हतं.

विद्यार्थी म्हणाला, "सर, दोन्ही वापरा ना. एकीत पुरुष, एकीत बायका."

"एका हातात माइक हाय. तिसरा हात तुमच्या अमेरिकेत मिळतो का बघ."

सावलीत उभं राहा, असंही सुचवून पाहिलं. तेव्हा सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. गमतीचा भाग संपला होता. चार दिवस माणूस धड जेवत नव्हता. शेवटी ते मला म्हणाले, "एक जरी बाप्या सुटला, तर माझ्या पोरीला सासरी जल्मभर ऐकावं लागंल. आन् बाया सुटल्या, तर पोरगी मला जल्मभर ऐकवंल. आन् तिचं काय चुकतंय, सांगा?"

 "तिचं काय चुकतंय" हे सरांच्या तोंडून ऐकून मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला मी स्टाफरूममध्ये गेले तर सर जुनी डबी घेऊन खिडकीशी बसलेले. काडी चालू होती. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते.

"काय करताय?"

"भावी काढतोय," सर म्हणाले. "ह्यो बगा. पोरगं कडंवर होतं तवापासनं भावी हाय, आता पोरगं कालिजात गेलं. चल, उठ." काडी टोचली. "ह्यो झेडपीचा भावी. ह्येला आमच्या गल्लीत कुनी वळखत न्हाई. चल." पुन्हा टोचली.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. इतकं मनापासून हसले नव्हते कित्येक दिवसांत. एक भावी उडाला की तिथे एक बाई मावत होती. मुख्याध्यापकांना कळलं तेव्हा ते घाबरले. "सर, आजीमाजी परवडले, त्यांना कामं असतात. भावींना दुसरा उद्योग नाही, ते मांडव उधळतील." सरांनी ऐकून घेतलं आणि आणखी दोन काढले.

आता नावं मिळवायची होती. मी आणि सर दौंडच्या एसटीनं नवरदेवाच्या गावी गेलो. पुरुषांना बायकोचं नाव विचारलं की ते आधी खोकायचे. एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या मंडळीचं ना? घरात हाय बगा, तिलाच इचारा." बायका दारामागून विचारायच्या, "कुठलं सांगू? हितलं का म्हायेरचं?" सर म्हणायचे, "जे ऐकल्यावर मान वर व्हईल, ते सांगा." मग आतून हसण्याचा आवाज यायचा आणि हळूच एखादं नाव यायचं. आबांच्या वाड्यावर आबांनी फार उत्साह दाखवला नाही, पण त्यांच्या बायकोनं चहाबरोबर नाव सांगितलं, "गजराबाई," आणि कप घेऊन घाईनं आत गेल्या.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की कमानीची फुलं सकाळीच माना टाकून बसली होती. मुलीच्या बापानं दाराशी हात जोडून उभं राहायचं असतं. सरांच्या एका हातात माइक आणि एका हातात जुनी डबी. म्हणून हात मी जोडले. स्टुलाशेजारी उभं राहून मी त्यांच्या वतीनं दोन तालुक्यांना नमस्कार केले. रंगीत डबी विद्यार्थ्यानं आदल्या दिवशीच परत घेतली होती. तो जरा हिरमुसला होता, पण आला होता.

सरांनी सुरुवातच अशी केली, "या मंगल कार्याच्या यजमान, सौ. मालनताई, आपणा सर्वांचे सहर्ष स्वागत करीत आहेत." वहिनी आत आचाऱ्यांपाशी होत्या. हातातला झारा तसाच घेऊन त्या बाहेर धावत आल्या, काय झालं म्हणून. लगोलग सरांनी माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, विज्ञान शिक्षिका म्हणून. मी कमानीशी हात जोडून उभी, आणि मला पुढच्या माणसाचं तोंड दिसेना. आमचे मिस्टर मागच्या खुर्चीवरून टाळ्या वाजवत होते, तेही मला नंतर सांगितल्यावर कळलं.

मग गाड्या लागल्या. चेअरमन आले, त्यांचं नाव झालं, मग "आणि शांताबाई" झालं. चेअरमननी चमकून वळून बायकोकडे पाहिलं, जणू ही कोण. बाई आधी दचकल्या, मग त्यांनी पदर नीट केला. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. हळूहळू ती वाढत गेली आणि थोड्याच वेळात प्रत्येक नावाला मांडवाच्या त्या अर्ध्या भागातून टाळ्या पडू लागल्या.

जी भीती होती तेही झालं. एक भावी सरपंच पांढऱ्या कपड्यांत कमानीबाहेर येऊन थांबला, कॉलर ओढली, छाती काढली आणि वाट पाहू लागला. मागं त्याची बायको आणि चार पोरं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. सरांनी डबीत पाहिलं आणि खड्या आवाजात म्हणाले, "आपल्या गावातील अंगणवाडीच्या सेविका, ज्यांच्या हाताखाली निम्मं गाव चालायला शिकलं, त्या सुमनताई यांचे शुभागमन होत आहे. सोबत त्यांचे यजमान आलेले आहेत."

 मग बायकांच्या बाजूनं असा टाळ्यांचा कडकडाट झाला की बँडवाले गोंधळून वाजवायचे थांबले. यजमान लाल झाले. रागवावं तर कुणावर? बायकोचं कौतुक झालंय, पोरं टाळ्या वाजवतायत. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, हात जोडले आणि सुमनताईंच्या मागोमाग आत गेले. सरांनी माइकवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "बसला," म्हणाले.

सगळ्यात शेवटी वरात आली. घोड्यावर नवरदेव, पुढं आबा, कडक फेटा. आबांची सगळी पदं सरांनी एका दमात, एकही न चुकता घेतली. आबा मान हलवून आत गेले. त्यांच्या मागं गजराबाई होत्या, काठापदराचं लुगडं, कुणाच्या तरी नातीचा हात धरून.

"वराच्या आजी, गजराबाई यांचे या मंगल मंडपात शुभागमन होत आहे."

म्हातारी कमानीखाली थांबली. पुढं पाऊल टाकीना. मागं घोडा थांबला, वरात थांबली, आत भटजी मुहूर्त जवळ आला म्हणून ओरडायला लागले. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी डबीत पुन्हा पाहिलं, मग माइकवर हात ठेवून खाली वाकले.

"आजी, काय चुकलं का?"

"न्हाई, चुकलं न्हाई." म्हातारीनं मान वर केली. "पुन्यांदा घ्या."

सर स्टुलावर सरळ उभे राहिले. डबी खिशात टाकली आणि दोन्ही हातांनी माइक धरून पुन्हा नाव घेतलं, आता आणखी सावकाश. सगळा मांडव उठून टाळ्या वाजवत होता. गजराबाई तेवढ्या गर्दीतून, घोड्याला मागं ठेवून, अजिबात घाई न करता आत गेल्या. सरांनी बाहीनं डोळे पुसले. त्यांना वाटलं संपलं.

पण आबांची थोरली सून कमानीखाली येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या मागं आणखी बायका.

"आमचं बी जरा दोनदा घ्या," ती म्हणाली. "मुहूर्त काय, पळून जात न्हाई."